नाव मोठं, पण भाव किती?

फँटसी बेसबॉलची लीग एकाच हंगामापुरती असेल तर ट्रेडचा हिशोब सोपा असतो. उरलेल्या सामन्यांत जास्त होम रन, जास्त स्ट्राइकआउट कोण देईल, एवढंच पाहायचं. कीपर लीगमध्ये काही खेळाडू पुढच्या वर्षीही तुमच्याकडेच राहतात, आणि तेही ठरलेल्या किमतीला. म्हणजे ट्रेडमध्ये खेळाडूबरोबर त्याची किंमतही तुमच्या गळ्यात पडते. अमेरिकेत ऑफिसातल्या मित्रांच्या लीगमध्ये नव्याने उतरणारी आपली माणसं नेमकी इथे फसतात. समोरून मोठं नाव आलं की होकार देऊन मोकळी होतात.

लेखक डॅनियल ओक्रेंट यांनी १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या मित्रमंडळींबरोबर फँटसी बेसबॉलची रॉटिसेरी पद्धत सुरू केली. आजही बहुतेक लिलावी लीगमध्ये, म्हणजे जिथे बोली लावून खेळाडू घेतात तिथे, प्रत्येक संघाला २६० डॉलर आणि २३ खेळाडू हाच हिशोब चालतो. हे डॉलर कागदावरचे. याहू किंवा ईएसपीएनवर साधी लीग फुकट चालवता येते; प्रवेश फी ठेवायची की नाही, हे मंडळी आपसांत ठरवतात. भारतात राहून खेळणाऱ्यांनी मात्र पैसे लावलेल्या लीगपासून दूरच राहावं. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे.

आता मुख्य हिशोब. खेळाडूचा बाजारभाव वजा तुमच्याकडची त्याची किंमत, हा तुमचा फायदा. समजा, तुमच्याकडे ४ डॉलरचा एक तरुण बॅटर आहे आणि लिलावात तो १८ ला जाईल. फायदा १४. समोरचा देतोय ४५ डॉलरचा स्टार, ज्याचा भाव ४८ आहे. फायदा ३. वरवर पाहता हा ट्रेड तोट्याचा दिसतो.

पण इथे थांबू नका, कारण कीपर लीगच्या लिलावात भाव चढतात. बारा संघांचे मिळून ३,१२० डॉलर होतात. समजा, सगळ्यांनी राखलेल्या खेळाडूंवर ६२० डॉलर गेले आणि त्या खेळाडूंचा खरा भाव १,०२० होता. मग लिलावात २,५०० डॉलर उरले आणि विकायला माल फक्त २,१०० डॉलरचा. प्रत्येक भाव साधारण १९ टक्क्यांनी वर जाणार. आता ४८ चा स्टार ५७ ला जाईल, म्हणजे फायदा १२. तरुण बॅटर २१ ला जाईल, फायदा १७. मघाशी ११ डॉलरची दिसणारी दरी ५ वर आली. माझ्या मते कीपर ट्रेडमधली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच: चढत्या भावात महागडा स्टार दिसतो तेवढा महाग नसतो. स्वतःच्या लीगचे आकडे घालून हे गणित एकदा कराच. मूळ भाव काढायला फॅनग्राफ्स या संकेतस्थळाचं लिलाव कॅल्क्युलेटर आहे, तेही फुकट.

मात्र दरवर्षी किंमत वाढवण्याचा नियम असेल, समजा ५ डॉलरने, तर पारडं पुन्हा तरुणाकडे झुकतं. तो ९, मग १४ होईल आणि तरीही परवडेल. स्टार ५० आणि मग ५५ वर गेला की फायदा जवळपास संपतो.

तीनास एक अशा ट्रेडमध्ये राखीव जागांची किंमत मोजा. पाचच खेळाडू राखता येत असतील, तर ५, ४ आणि ३ डॉलर फायद्याचे तीन खेळाडू मिळून १२ होत नाहीत. ते तुमच्याच कुणाला तरी बाहेर ढकलतात. तिघांऐवजी १० डॉलर फायद्याचा एकच घेतलेला बरा.

दुखापतीचा धोकाही भावात धरा, पिचरच्या बाबतीत तर दुप्पट. अटलांटाच्या स्पेन्सर स्ट्रायडरने २०२३ मध्ये २८१ स्ट्राइकआउट घेतले आणि त्याच संघाच्या रोनाल्ड अकुन्या ज्युनियरने ४१ होम रनसोबत ७३ बेस चोरले. पुढच्या हंगामात स्ट्रायडर दोन सामने टाकून कोपराच्या शस्त्रक्रियेला गेला आणि अकुन्या ४९ सामन्यांनंतर गुडघ्यामुळे बाहेर पडला. टॉमी जॉन, म्हणजे कोपराचा स्नायुबंध नव्याने बसवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या पिचरला परतायला साधारण वर्ष ते दीड वर्ष जातं. असा खेळाडू स्वस्तात मिळाला, तरी तेवढा काळ तुमची राखीव जागा तो अडवणार, हे लक्षात ठेवा. क्लोजरसाठी, म्हणजे सामन्याची शेवटची इनिंग टाकणाऱ्या पिचरसाठी, तर तरुण खेळाडू देऊच नये. त्याचं काम व्यवस्थापकाच्या एका निर्णयाने जातं.

मेजर लीग बेसबॉलच्या दोन भागांपैकी फक्त अमेरिकन लीगचे खेळाडू घेणाऱ्या फँटसी लीगमध्ये आणखी एक खड्डा आहे. जुलै २०१८ मध्ये मॅनी मचाडो बाल्टिमोरहून लॉस एंजेलिस डॉजर्सकडे, म्हणजे नॅशनल लीगमध्ये गेला. असा खेळाडू मोजला जातो की हातचा जातो, हे प्रत्येक लीगचा नियम ठरवतो.

जुलैअखेर पहिल्या तीनांत असाल तर तरुण द्या आणि स्टार घ्या. जिंकण्याची संधी दरवर्षी येत नाही. सातव्या-आठव्या जागेवर असाल तर उलट करा, आणि ते लवकर करा, कारण ट्रेडची मुदत जवळ आली की विकणारे वाढतात आणि भाव पडतो. ‘हंगामानंतर परत देतो’ अशा तोंडी बोलीवर मात्र कुणालाही खेळाडू देऊ नका. तो उरलेल्या लीगवर अन्याय आहे.

होकार देण्याआधी नियमावली उघडा. ट्रेडनंतर खेळाडूची जुनी किंमत कायम राहते का, ती दरवर्षी किती वाढते, किती वर्षं राखता येतो, हे पाहा. स्पष्ट नसेल तर लीग चालवणाऱ्या कमिशनरकडून लेखी उत्तर घ्या.