नट सोडविण्याची गन : हवेची घ्यावी की विजेची ?

ट्रॅक्टर, ट्रॉली, रोटाव्हेटर ही अवजारे आता पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारी आहेत आणि त्यांची किरकोळ दुरुस्ती घरीच करण्याकडे कल वाढत आहे. ही गोष्ट स्तुत्य होय. ऐन गळीत हंगामात उसाने भरलेली ट्रॉली टायर फुटून रस्त्यात उभी राहिली, तर कारागिराची वाट पाहण्यात दिवस जातो आणि तोडलेला ऊस वाळून वजनात घट येते. अशा वेळी गंजलेला नट क्षणात सोडविणारी गन आपणापाशी असावी असे वाटणे साहजिक आहे. परंतु बाजारात हवेवर चालणारी व विजेवर चालणारी अशा तिच्या दोन जाती आहेत आणि जो तो दुकानदार आपल्याच मालाची तारीफ करतो. सबब कोणती गन कोणास सोयीची, याचा विचार येथे करू.

आमचे म्हणणे आरंभीच सांगतो. गनची निवड गन पाहून करू नये. तिला ताकद कोठून मिळणार ते पाहून करावी. बैल घेण्यापूर्वी आपण वैरणीची तजवीज पाहतो, तसेच हे आहे.

गन काम कशी करते

दोन्ही जातींच्या पोटातील रचना मूळात एकच आहे. आत एक हातोडा गरगर फिरतो व गोटी ज्या दांड्यावर बसते त्या दांड्याच्या ऐरणीवर एकामागून एक आडवे ठोके मारतो. ठोके नटास बसतात, आपल्या मनगटास फारसा पीळ बसत नाही. हातोडा फिरविण्याचे काम एका जातीत दाबलेली हवा करते, दुसरीत विजेची मोटर करते. फरक एवढाच, पण खर्चाचा व सोयीचा सारा हिशेब या फरकावरच ठरतो.

हवेची गन

हवेची गन वजनास हलकी, किमतीस बेताची व टिकण्यास चांगली असते. तीत जळण्यासारखी मोटर नाही. नट अडून बसला तरी ती नुसती थबकते. परंतु तिचा खरा खर्च कॉम्प्रेसरमध्ये आहे. अर्ध्या इंची गनला साधारण 90 पौंड, म्हणजे सुमारे 6 बार, दाब लागतो. तिच्या कागदावर मिनिटास 4 ते 5 घनफूट हवा लागते असे लिहिलेले असते. पण तो आकडा थांबून थांबून वापरण्याचा होय. घोडा सतत दाबून धरल्यास तीच गन मिनिटास 15 ते 20 घनफूट, म्हणजे 425 ते 565 लिटर, हवा ओढू शकते.

आता 24 लिटरच्या लहान टाकीचा हिशेब करून पाहा. दाब 8 बारवरून 6 बारवर उतरेपर्यंत तीतून सुमारे 48 लिटर मोकळी हवा मिळते. ती पाच ते सात सेकंदांत संपते. पुढे कॉम्प्रेसर भर घालील तेवढेच काम. चिवट नट असेल तर दोन नट सोडविले की थांबावे लागते. 200 लिटरच्या टाकीत याच हिशेबाने 400 लिटर हवा मिळते व चाकाचे काम सुरळीत होते. म्हणून पंक्चर काढण्यापुरता लहान कॉम्प्रेसर घरी आहे, तेवढ्यावर गन चालेल, असे समजून कोणी पैसे गुंतवू नयेत. नळीही आतून निदान 10 मिलिमीटर रुंद असावी. अरुंद व लांब नळीत दाब वाटेतच खर्ची पडतो.

हवेतील बाष्पाचे टाकीत पाणी होते. ते रोज खालच्या तोटीने काढावे, नाहीतर टाकी आतून गंजते व पाणी गनमध्येही जाते. काम सुरू करण्यापूर्वी गनच्या तोंडात हवेच्या अवजाराच्या तेलाचे दोन-चार थेंब सोडावेत.

तारेची व बॅटरीची गन

तारेची विजेची गन 230 व्होल्टवर चालते. कॉम्प्रेसर नको, टाकी नको. खटका दाबला की काम सुरू. परंतु तार जेथवर पोचेल तेथवरच तिचा उपयोग. बारीक व लांब तार जोडल्यास व्होल्टेज उतरते आणि गन मंदावते. ओल्या जमिनीवर ती वापरू नये. गळतीची वीज तोडणारा स्विच जोडणीत असलाच पाहिजे.

महाराष्ट्रात शेतीच्या वाहिनीवर तीन फेजची वीज पुष्कळ ठिकाणी पाळीने व ठराविक तासच मिळते. व्होल्टेज पडलेले असता कॉम्प्रेसरची मोटर सुरू होण्यास अडखळते व तापते. ज्याची वस्ती शेतात आहे त्याने हे आधी ध्यानात घ्यावे.

या अडचणीवर बॅटरीची गन हा उतारा आहे. लिथियम-आयन बॅटरी 1991 साली प्रथम विक्रीस आली. आज तिच्यावर चालणारी अर्ध्या इंची गन ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवून रस्त्यावरही नेता येते. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, 18 व्होल्ट व 20 व्होल्ट अशा पाट्या पाहून फसू नये. दोहोंत पाचच घरे ओळीने जोडलेली असतात. एक आकडा चालू कामाचा, दुसरा पूर्ण भरलेल्या स्थितीचा. दोन, एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या अवजारास बसत नाही. म्हणून ड्रिल व ग्राइंडर पुढे घ्यावयाचे असल्यास एकच घराणे धरावे. बॅटरी वापरात नसली तरी वर्षांगणिक तिची शक्ती कमी होते. ती पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये ठेवू नये, घरात सावलीस ठेवावी. दीर्घकाळ ठेवावयाची तर अर्धी भरून ठेवावी.

कोणी कोणती घ्यावी

1. ज्यापाशी एकच ट्रॅक्टर आहे व वर्षातून चार-दोन वेळा चाक काढण्याचा प्रसंग येतो, त्याने कोणतीच गन न घेतली तरी चालेल. एक मीटर लांब दांड्याच्या टोकावर 60 किलो वजनाचा मनुष्य भार देईल, तर नटावर सुमारे 590 न्यूटन-मीटर पीळ पडतो. चांगली गोटी व मजबूत दांडा यांवर बरेचसे काम भागते.

2. ज्याची अवजारे शेतात व रस्त्यावर विखुरलेली असतात, त्याने बॅटरीची गन व दोन बॅटऱ्या घ्याव्यात.

3. ज्याच्या शेडमध्ये मोठ्या टाकीचा कॉम्प्रेसर आहे, किंवा टायर भरणे, रेडिएटर साफ करणे, रंग मारणे यांसाठी तो घ्यावयाचाच आहे, त्यास हवेची गन सर्वांत स्वस्त पडेल.

4. तारेची गन एका जागी, पक्क्या जमिनीवर, भरवशाच्या विजेवर काम करणाऱ्यास ठीक.

घट्ट करण्याविषयी इशारा

गनच्या डब्यावरचा मोठा आकडा बहुधा नट सोडविण्याच्या जोराचा असतो. तो पाहून आनंदणाऱ्याने त्याच जोराने नट आवळला, तर बोल्ट ताणला जातो किंवा त्याचे आटे मरतात. असा बोल्ट त्या दिवशी तुटत नाही; पुढे भरल्या ट्रॉलीखाली तुटतो, आणि सुटलेले चाक रस्त्यावरील परक्या माणसाचाही जीव घेऊ शकते. म्हणून गन सोडविण्यासाठी वापरावी. बसविताना नट प्रथम हाताने आट्यांत धरावा, समोरासमोरचे नट आळीपाळीने टेकवावेत व अखेरचा पीळ टॉर्कच्या पान्याने, यंत्राच्या पुस्तिकेतील आकड्याइतकाच द्यावा. टॉर्कचा पाना नसल्यास अंदाज असा : अर्धा मीटर दांड्याच्या टोकावर 20 किलो भार म्हणजे सुमारे 98 न्यूटन-मीटर. पुष्कळ मोटारगाड्यांच्या चाकाच्या नटास याच सुमाराचा पीळ लागतो. ट्रॅक्टरच्या मागील चाकास याहून पुष्कळ अधिक. थोडे अंतर चालवून नट पुन्हा तपासावेत.

गनवर गनसाठीच केलेली काळी गोटी चढवावी. हातपान्याची चकचकीत गोटी ठोक्यांनी फुटून तिचा तुकडा डोळ्यात जाण्याचा संभव असतो. चष्मा लावल्याशिवाय व कान झाकल्याशिवाय गन हाती घेऊ नये, आणि जॅकखाली पक्का ठोकळा दिल्याशिवाय चाकास हात लावू नये. एवढी शिस्त पाळणाऱ्याच्या हाती कोणतीही गन उपयोगाची ठरेल.