पुली ठोकायची नाही, ओढून घ्यायची

आमची जमीन नेवासे तालुक्यात, मुळेच्या उजव्या कालव्याखाली. काळी, चिकट, पावसात पाय धरून ठेवणारी. या जमिनीत आमच्या आण्णांनी एचएमटी २५११ ट्रॅक्टर चालवला. दोन सिलिंडर, पंचवीस हॉर्सपॉवर. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरचा हा नमुना. एचएमटीने १९७१ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये सरकारने तिचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचं ठरवलं. तेव्हापासून या ट्रॅक्टरचा कुठलाही भाग आम्ही जपून खोलतो, कारण मोडला तर शोधत फिरावं लागतं. मी हे इंजिन तीनदा खोललं आणि बांधलं. पुढचे बोल क्रँकच्या पुलीबद्दलच आहेत, कारण पहिल्या वेळी माझी सगळी मेहनत तिच्यापाशी वाया गेली.

१. पुलीची वेळ येते तेव्हा माणूस थकलेला असतो.

लायनर, पिस्टन, मेन बेअरिंग, टायमिंगचे गियर, सगळं आठ दिवसांत निगुतीने बसवलं होतं. शेवटच्या संध्याकाळी पुली राहिली. निम्मी आत गेली आणि अडली. कपाशीची सरी पाडायची होती, शेजारचा ट्रॅक्टर मागायला लाज वाटत होती. लाकडाचा ठोकळा लावला आणि घणाचे पाच-सात ठोके दिले. गेली आत. इंजिन पहिल्या हाकेला सुरू झालं.

आठ-दहा दिवसांनी मिस्त्री बांधावर आले. म्हणाले, “दादा, क्लच दाबा बरं.” मी दाबला. ते पुलीकडे बघत होते. क्लच दाबला की पुली पुढे यायची, सोडला की मागे जायची. क्रँक लांबीच्या दिशेने खेळत होता.

कारण सरळ आहे. क्रँक पुढे-मागे सरकू नये म्हणून आत पातळ थ्रस्ट वॉशर असतात. पुढून घण घातला की तो धक्का पुली, क्रँक असा थेट त्या वॉशरवर जातो. तेलाच्या पदरावर क्रँक फिरू द्यायला बनवलेला तो पातळ तुकडा, घणाचा मार सोसायला नव्हे. इंजिन पुन्हा खाली उतरवलं. वॉशर चिरलेला निघाला.

२. ओढून घ्यायची, पण मूळ बोल्टने नाही.

ही गोष्ट मिस्त्रींनी हात धरून शिकवली. पुली अर्धवट बसलेली असताना मूळ बोल्ट लावून आवळला तर त्याचे दोन-तीनच आटे क्रँकमध्ये धरतात. सगळा जोर त्यांच्यावर येतो आणि आटे निघून येतात. क्रँकच्या नाकातले आटे गेले तर पुढचं काम लेथवाल्याकडे. म्हणून त्याच आट्यांचा लांब स्टड घ्यायचा, क्रँकमध्ये तळापर्यंत फिरवायचा, पुलीवर जाड वॉशर ठेवून वरून नट आवळायचा. नट फिरेल तशी पुली सरळ आत सरकते. क्रँकला मागून-पुढून धक्का लागत नाही, कारण ओढणाराही क्रँकच आणि ओढली जाणारी पुलीही त्याच्यावरच.

मला हा विचार फार आवडतो. जोर तेवढाच लागतो, पण तो बेअरिंगपर्यंत जात नाही.

३. पातेलंभर उकळतं पाणी.

चाळीस मिलिमीटरचं भोक असलेली बिडाची पुली तीस अंशांवरून शंभरापर्यंत तापवली तर भोक सुमारे तीन शतांश मिलिमीटर वाढतं. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण बसणीचा घट्टपणा तेवढ्यावरच असतो. चुलीवर पाण्यात पुली अर्धा तास उकळायची, फडक्याने धरून काढायची, पुसायची आणि लगेच चढवायची. थंड क्रँकला टेकली की ती भराभर आवळते, म्हणून क्रँकवरची चावी आणि पुलीतली खाच आधीच जुळवून ठेवलेली हवी. गॅसची ज्योत मात्र लावू नये. एकीकडे लाल आणि एकीकडे गार झालेलं बीड तडकतं. ज्या पुलीत रबराचा थर असतो, तिला तर ज्योत दाखवूच नये.

४. चावी पुलीला जागेवर ठेवते, ओढत नाही.

खूपजण समजतात की पट्ट्याचा सगळा जोर चावी सोसते. तसं नाही. जोर सोसला जातो तो घट्ट बसणीने आणि बोल्टच्या आवळण्याने. चावी फक्त जागा सांगते. बोल्ट ढिला राहिला की पुली सूतभर खेळू लागते, चावीची खाच रुंदावते आणि मग नवी चावी टाकूनही उपयोग होत नाही. जुन्या चावीवर चरे पडले असतील तर नवीच घ्यावी. खाचेच्या कडा कानशीने हलक्या हाताने साफ कराव्यात. काही इंजिनांत चावीऐवजी दाते असतात, तिथे खोलण्याआधीच दोन्हीकडे खूण मारून ठेवावी.

५. ऑईल सील.

सीलचा ओठ पुलीच्या गळ्यावर घासतो आणि वर्षानुवर्षं तिथे बारीक चर पडतो. नखाने चाचपला तर कळतो. त्याच चरावर नवं सील बसवलं तर तेल झिरपणारच. मी दुसऱ्या वेळी जागा आहे का ते बघून सील दीड मिलिमीटर मागेपुढे बसवलं, ओठ कोऱ्या जागेवर आला. ओठाला तेल लावून मगच पुली चढवावी. कोरडा ओठ पहिल्याच फेऱ्यात दुमडतो.

६. पट्टा.

क्रँक, पाण्याचा पंप आणि डायनॅमो यांच्या पुल्या दोरी ताणून एका रेषेत बघाव्यात. पट्टा अंगठ्याने दाबला तर बोटाच्या जाडीइतका खाली जायला हवा.

७. शेवटचा बोल्ट.

स्टड काढून मूळ बोल्ट लावताना क्रँकमधलं आट्यांचं भोक तारेच्या ब्रशने आणि डिझेलने साफ करावं. फ्लायव्हील अडवून टॉर्क पान्याने आवळावं. लॉकचा पत्रा असेल तर नवा वापरावा, कारण एकदा वाकवलेला पत्रा सरळ करून पुन्हा वाकवला की तुटतो.

तिसऱ्या वेळी पुतण्याने पुली बसवली. मी फक्त बाजूला उभा होतो. पातेल्यातून पुली काढली तेव्हा त्याच्या हातातल्या फडक्यातून वाफ निघत होती. नट फिरला, पुली क्रँकच्या खांद्याला टेकली, आवाज झाला नाही. संध्याकाळी इंजिन सुरू केलं आणि त्याला वर बसवून म्हणालो, “क्लच दाब.” त्याने दाबला. मी पुलीकडे बघत राहिलो. ती जागची हलली नाही.