शंकेसकट कॉपी सोड

वसई गाव

चि. मैथिली हिस अनेक आशीर्वाद.

आधी न आवडणारी गोष्ट सांगून टाकतो. यापुढे रात्री फोन करून "मामा, देसकारच होता ना? भूप नव्हता ना?" असं विचारलंस तर मी उत्तर देणार नाही. दोन्ही रागांचे स्वर तेच, सा रे ग प ध. भूपात गंधार वादी आणि वेळ रात्रीची, देसकारात धैवत वादी आणि वेळ सकाळची. हे तुला माझ्यापेक्षा नीट कळतं. सकाळच्या मैफलीत तू राग ओळखलास, पेटीवाल्याला विचारून घेतलंस, वहीत टिपलंस. काम तिथेच संपलं होतं. नंतरचे फोन पोटातली कालवाकालव शमवायला होते. मी "हो गं, देसकारच" म्हटलं की ती घटकाभर शमते आणि मग दुप्पट होऊन येते. हात धुणं, कडी पुन्हा पुन्हा ओढून बघणं जसं ओसीडीत मोडतं, तसंच हे विचारणंही. म्हणजे इतके दिवस मीच तुला साबण पुरवत होतो.

तुझं निदान ऐकून मला नवल वाटलं नाही. हा आजार काही कुटुंबांत पिढ्यांतून उतरताना दिसतो, आणि आपल्या घरात तो माझ्याकडे आधीपासून आहे. आमच्या वेळी लोक त्याला मंत्रचळ म्हणून हसायचे. मैफलीचं परीक्षण लिहायला निघालो की वसई रोडच्या पुलाच्या पायऱ्या मी तीनतालात मोजत चढायचो, आणि वरच्या पायरीवर सम आली नाही तर परत खाली. संध्याकाळच्या गर्दीत त्या पुलावर उलटं उतरणं काय असतं ते तुला सांगायला नको. मात्रा मोजणं आपल्या कामाचाच भाग, म्हणून त्यात काही बिघडलंय हे लवकर ध्यानातही येत नाही.

कामातली शंका वेगळी आणि आजाराची वेगळी. तू सध्या घंटांवर लेख करते आहेस, तर तेच उदाहरण घे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथल्या चर्चमधल्या घंटा पुढे ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच, असं सांगतात. इथे शंका घेणं तुझा धंदाच आहे. घंटेवर काय कोरलंय ते बघ, जुनी पुस्तकं चाळ, जमलं तर भीमाशंकरचीही घंटा बघून ये. पुरावा मिळाला तर ठामपणे लिही, अर्धा मिळाला तर 'असं सांगतात' लिही. आजाराची शंका अशी भागत नाही. तिला पुरावा दिलास तर ती पुराव्यावरच शंका घेते: वाचलं ते नीट वाचलं का, टिपलं ते मीच टिपलं का? पुन्हा तपासून नवं काही हाती लागत नसेल, तर ते तपासणं लेखासाठी नाही एवढं ओळख.

समीक्षेत तर आणखी पंचाईत. बडा ख्याल रंगला की नाही, याचा पुरावा कुठून आणणार? वामनराव देशपांडे पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. हिशेब पैशापर्यंत जुळवणं हा त्यांचा व्यवसाय, पण १९६१ च्या 'घरंदाज गायकी' या पुस्तकात त्यांनी घराण्यांबद्दल जी मतं मांडली, ती ताळेबंदासारखी जुळवून दाखवता येण्यातली नव्हती. लोक वाद घालणार हे धरूनच असं लिहावं लागतं. "मी गायिकेवर अन्याय तर केला नाही ना" हा प्रश्न एकदा विचारणं सभ्यपणाचं आहे. तेच वाक्य पहाटेपर्यंत बदलत बसण्याने गायिकेला काही मिळत नाही.

अठराव्या शतकातल्या लंडनमधला सॅम्युअल जॉन्सन आठव. दारातून जाताना ठरावीक पावलं पडली पाहिजेत, नाहीतर मागे येऊन पुन्हा सुरुवात, अशी त्याची सवय बॉसवेलने चरित्रात नोंदवली आहे. आजचे डॉक्टर तिला काय नाव द्यायचं यावर चर्चा करतात, ते असो. पण हाच माणूस १७५० ते १७५२ अशी दोन वर्षं 'रॅम्बलर' हे नियतकालिक आठवड्यातून दोनदा काढत होता. मंगळवार आला की अंक जायचाच. मलाही अशा वेळेच्या बंधनानेच वाचवलं. पान सोडलं की सोडलं, मग झोप लागो न लागो. तुमच्या वेबवरच्या कॉपीत मध्यरात्रीही स्वल्पविराम बदलता येतो, आणि आपल्यासारख्यांना ती सोय फार महागात पडते. म्हणून डेस्कवरच्या कुणा विश्वासाच्या माणसाला सांगून ठेव: नावं, राग, ताल, साथीदार, सभागृह हे मी एकदा तपासून देईन, नंतर मी कॉपी परत मागितली तर देऊ नका. खरी चूक निघालीच तर दुरुस्ती छापतात, त्यासाठीच ती सोय आहे.

उपचाराचं थोडक्यात. भीती वाटते ती गोष्ट करायची आणि नंतरची कृती करायची नाही, ही पद्धत व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडली. तोवर हा आजार जवळजवळ असाध्यच समजत. सोप्या पायरीपासून, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली चढायचं. गोळ्यांचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, आणि मात्रा नैराश्यासाठी लागते त्यापेक्षा बहुधा जास्त लागते, तेव्हा दोन आठवड्यांत कंटाळून स्वतःच बंद करू नकोस. परळला केईएमचा मानसोपचार विभाग आहे, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. अडचणीच्या वेळी टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

एक गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नकोस. भर मैफलीत, आलाप चालू असताना, आपण उठून काही अभद्र ओरडू अशी भीती वाटते, असं तू ओझरतं म्हणालीस. असे विचार या आजारात पुष्कळांना येतात. ते नकोसे वाटतात म्हणूनच चिकटून बसतात, आणि त्यावरून तुझ्या मनात काय आहे ते ठरत नाही. आणि कुणी कौतुकाने म्हणालं, "ओसीडी आहे म्हणूनच तू इतकं बारीक ऐकतेस", तर मान डोलावू नकोस. तुझा कान गुरूंच्या तालमीतून आणि तुझ्या ऐकण्यातून आला आहे. आजाराने तुझे तास फक्त खाल्ले आहेत.

राहिली ताई, तुझी आई. तिला काय आणि किती सांगायचं ते तू ठरव, मी मध्ये पडणार नाही. पण डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाशील तेव्हा तिला सोबत ने. रोज सकाळी तू लोकल पकडायला निघालीस की "गॅस बंद आहे, कडी लावली आहे, जा आता" हे तीच तुला जिन्यापर्यंत येऊन सांगते. ते कसं आणि किती सावकाश कमी करायचं, हे तिला माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा डॉक्टरांकडून ऐकू दे.

तुझा,
मामा