पांढरी पापणी

शेळीची खालची पापणी ओढून बघायची सवय मला आजीनं लावली. आत लाली असली तर जित्राब ठणठणीत, पांढरीफटक दिसली तर रक्त आटलं. आमच्या अहमदपूर-कंधार पट्ट्यात अशी पापणी दिसली की जंताचं औषध पाजतात. पावसाळ्यात ते बहुधा बरोबरही असतं, कारण रक्त पिणारे जंत तेव्हाच माजतात.

त्या श्रावणात माझ्या तीन उस्मानाबादी शेळ्या गळाल्या. औषध पाजलं. आठ दिवसांनी दुसऱ्या कंपनीचं पाजलं. लेंड्या घट्ट, जबड्याखाली सूज नाही, तरी पापणी कागदासारखी. एकीनं गाभ टाकला, दुसरी मेली, तेव्हा डॉक्टर आठवले.

त्यांनी कानाच्या शिरेतला थेंब काचपट्टीवर पसरला आणि उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात तपासायला नेला. निघाला ॲनाप्लाझ्मा ओव्हिस. शेळीची तांबडी पेशी चार मायक्रॉनहूनही लहान. तिच्याही आत, कडेला, हा गोचिडातून पसरणारा जिवाणू ठिपक्यासारखा बसतो. अशा पेशी प्लीहा मोडीत काढते. रक्त आटतं, पण लघवी लाल होत नाही. गोचीडताप म्हटलं की आपण लाल लघवी शोधतो. ती खूण बबेसियाची, आणि त्यावरचं नेहमीचं इंजेक्शन इथं लागू पडत नाही. इथं ऑक्सिटेट्रासायक्लिन लागतं, तेही वजन बघून डॉक्टरांनीच द्यावं.

आता माझी करणी. उन्हाळ्यात बाजारातून बोकड आणला होता, अंगानं भरलेला. पावसाच्या तोंडावर आंत्रविषाराची लस मीच टोचली. सुरुवात बोकडापासून, आणि सगळ्या कळपाला एकच सुई. त्याच्या रक्तातले जंतू तिनंच सगळीकडं नेले.

"गोचिडानं दोन-चार तरी सोडल्या असत्या," डॉक्टर म्हणाले.

तेव्हा सुई दर जनावराला नवी घ्या. कानात बिल्ला मारायचा चिमटा आणि खच्चीकरणाचं पातंही दरवेळी निर्जंतुक करा. आणलेलं जनावर वेगळं बांधाच, पण नुसतं बघून भागत नाही, त्याची काचपट्टी करून घ्या. गोचिडाची मादी रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत हजारांनी अंडी घालते. नुसती शेळी फवारून काय होणार? भेगा लिंपा. उपचारानंतरही रक्त भरायला काही आठवडे जातात, तोवर जनावर लांब रानात हाकू नका.

बरं झालेलं जनावरही जंतू बाळगून असतं. तो बोकड अजून माझ्याकडंच आहे. लसीच्या दिवशी त्याला दावणीच्या टोकाला बांधतो आणि सगळ्यात शेवटी टोचतो.