विजेवरची गाडी : महामार्गावर चार्जिंग कसे करावे, पैसे कसे मोजावे

घुग्घुस हे कोळशाचे गाव. वेकोलिच्या खाणी, सिमेंटचा कारखाना आणि लोखंडाचा कारखाना यांच्या आधाराने येथील बाजारपेठ उभी राहिली. जवळच २९२० मेगावॅट क्षमतेचे चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्र आहे. म्हणजे वीज आपल्या अंगणातच तयार होते. पण आपला व्यापारी माल आणायला जातो तो पेट्रोल-डिझेल जाळून. अलीकडे काही बांधवांनी विजेवरच्या मोटारी व छोटे टेंपो घेतले आहेत, काही घेण्याच्या विचारात आहेत. गाडीची किंमत, अनुदान, हप्ता यांची चौकशी सर्वजण करतात. रस्त्यात चार्जिंग कसे करायचे आणि त्याचे पैसे कसे द्यायचे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. फसगत होते ती येथेच.

आमच्या परिचयाचे एक कापड व्यापारी रमजानच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरच्या गांधीबागेतून माल घेऊन निघाले. वाटेत एका चार्जिंग केंद्रावर थांबले. मोबाईलवरून पाचशे रुपये भरले. पैसे गेले, पण वीज सुरू झाली नाही. घाईत पुन्हा पाचशे भरले. तेही गेले. तेवढ्यात मोबाईलची बॅटरी संपली. दुसऱ्या केंद्रापर्यंत जाण्याइतकी शक्ती गाडीत उरली नव्हती. घरी पोहोचले ते मध्यरात्रीनंतर, आणि ईदच्या खरेदीची ती संध्याकाळ दुकानाच्या हातून गेली. पैसे पुढे परत मिळाले, पण गेलेले गिऱ्हाईक मिळाले नाही. त्यांची चूक एकच होती : सगळा भरवसा एका केंद्रावर ठेवला होता. असा प्रसंग इतरांवर येऊ नये म्हणून हा पाठ.

युनिट म्हणजे विजेचे लिटर

पेट्रोल लिटरमध्ये मोजतात, तशी वीज युनिटमध्ये. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. घरच्या बिलावर असते तेच युनिट. गाडीची बॅटरी ४० युनिटची आहे, याचा अर्थ ती ४० 'लिटर'ची टाकी आहे, एवढे समजले तरी पुरे. केंद्रावरच्या यंत्राचा किलोवॅट हा आकडा मात्र टाकीचा नसून नळाच्या धारेचा असतो. ३० किलोवॅटचे यंत्र एका तासात जास्तीत जास्त ३० युनिट देते.

यात तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, यंत्र ६० किलोवॅटचे असले तरी दोन गाड्या लागल्या की बहुतेक ठिकाणी धार वाटली जाते. दुसरी, गाडी जेवढे घेऊ शकते तेवढेच घेते. मोठ्या यंत्राला लावल्याने लहान गाडी अधिक वेगाने भरत नाही. तिसरी, बॅटरी ८० टक्के भरली की वेग मंदावतो. शेवटच्या २० टक्क्यांसाठी कधी कधी आधीच्या ५० टक्क्यांइतका वेळ जातो. म्हणून महामार्गावर शंभर टक्के भरण्याचा हट्ट धरू नये. ते काम घरी रात्री करावे.

कोणत्या गाडीला चालते?

घरचे चार्जिंग एसी विजेवर होते आणि गाडीतील यंत्रणा तिचे डीसीमध्ये रूपांतर करते. महामार्गावरचे जलद यंत्र थेट डीसी वीज बॅटरीला देते, म्हणून ते जलद. आज भारतातील बहुतेक विद्युत मोटारींना 'सीसीएस-२' प्रकारची गन लागते. टाटा एस ईव्ही, म्हणजे आपला विजेवरचा छोटा हत्ती, २०२२ मध्ये आला तेव्हा त्याची बॅटरी २१.३ युनिटची होती आणि त्यात जलद चार्जिंगची सोय होती. बाजारात फिरणाऱ्या ई-रिक्षांना व बहुतेक तीनचाकींना मात्र ही गन लागत नाही. त्यांनी घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवरच काम चालवावे. गाडी विकत घेतानाच विक्रेत्याला विचारावे : जलद चार्जिंग आहे काय, कोणती गन लागते, जास्तीत जास्त किती किलोवॅट घेते?

घुग्घुस-नागपूरचा हिशेब

आपण एक उदाहरण घेऊ. घुग्घुसहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, जाऊन-येऊन तीनशे. गाडीची बॅटरी ४० युनिटची आणि माल भरून, एसी लावून एका युनिटला ६ किलोमीटर पडतात, असे धरू. तीनशे किलोमीटरला ५० युनिट लागतील. घरून पूर्ण भरून निघालो आणि ६ युनिट राखीव ठेवले, तर वापरायला ३४ युनिट, म्हणजे २०४ किलोमीटर. उरलेल्या ९६ किलोमीटरसाठी वाटेत १६ युनिट घ्यावे लागतील. भरताना काही वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून बिल १८ युनिटचे धरावे.

जलद केंद्रावरचे दर सर्वसाधारणपणे युनिटला १५ ते २५ रुपयांच्या आसपास असतात. २० रुपये दर धरला तर वाटेतले ३६० रुपये. घरी ३४ युनिट भरायला सुमारे ३८ युनिट लागतील. १० रुपये दराने ३८० रुपये. एकूण ७४०. सर्व वीज जलद केंद्रावरच घेतली तर ५५ युनिटचे ११०० रुपये. लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी याच फेरीला २० लिटर पिते. १०५ रुपये दराने २१०० रुपये.

फायदा आहे, पण तो घरच्या चार्जिंगमुळे आहे. त्यातही घरगुती वीजदर टप्प्यांनी वाढतो : १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा. गाडीमुळे घर वरच्या टप्प्यात गेले तर घरचे युनिटही महाग पडते. तेव्हा आपल्या मागील बिलावरून स्वतःचा आकडा काढावा. शेजाऱ्याच्या आकड्यावर विसंबू नये.

पैसे भरण्याची रीत

केंद्रे निरनिराळ्या कंपन्यांची आहेत आणि बहुतेकांचे ॲप वेगळे आहे. महावितरण, टाटा पॉवर, जिओ-बीपी, तसेच तेल कंपन्यांच्या पंपांवरील केंद्रे अशी ही मांडणी आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी आपल्या मार्गावरील दोन-तीन कंपन्यांचे ॲप घेऊन मोबाईल क्रमांकाची नोंदणी करून ठेवावी. बुटीबोरी, जाम, वरोरा, भद्रावती या मार्गावर कोणते केंद्र चालू आहे, ते ॲपवर पाहावे आणि दिलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. एक केंद्र ठरवावे आणि दुसरे राखीव ठेवावे. राखीव केंद्रापर्यंत पोहोचण्याइतकी वीज शिल्लक असतानाच पहिल्या केंद्रावर थांबावे. हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे.

केंद्रावर गेल्यावर गाडी बंद करून गन लावावी, ॲपमधूनच यंत्रावरचा क्यूआर कोड वाचावा, दर पाहावा आणि रक्कम किंवा युनिट ठरवून सुरू करावे. दर करासह आहे की कर वेगळा, ते तेथेच पाहावे; या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. १७ रुपयांचा दर करासह २० रुपयांवर जातो. काही ठिकाणी ॲपच्या पाकिटात आधी रक्कम जमा करावी लागते. तेथे फेरीपुरतीच रक्कम ठेवावी, हजारो रुपये अडकवू नयेत. चार्जिंग संपल्यावर गाडी तशीच उभी ठेवली तर काही कंपन्या मिनिटाप्रमाणे वेगळा आकार लावतात. जेवण व जोहरची नमाज या वेळेत उरकता येते, पण मोबाईलवर लक्ष असावे.

जीएसटी नोंदणी असलेल्या बांधवांनी बिल दुकानाच्या नावाने घ्यावे. मालवाहू गाडी आणि स्वतःची मोटार यांना कराच्या वजावटीचे नियम वेगळे आहेत. आपल्या हिशेबनिसाला विचारून मगच नोंद करावी.

पैसे गेले, वीज आली नाही

असे झाल्यास लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. पडद्याचा फोटो घ्यावा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि यंत्राचा क्रमांक लिहून ठेवावा. गन काढून पुन्हा नीट बसवावी, दुसरी गन असेल तर ती पाहावी, मग ॲपमधील किंवा यंत्रावरील क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा. इंटरनेटवर शोधलेल्या 'कस्टमर केअर'ला फोन करू नये. त्यात ठग बसलेले असतात. यंत्रावर वरून चिकटवलेला संशयास्पद क्यूआर कोड वाचू नये, ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे.

ऊन आणि कोळशाची धूळ

चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४६ अंशांच्या वर जातो. तापलेली बॅटरी स्वतःच्या बचावासाठी वीज कमी वेगाने घेते. मे महिन्यात वेळेचा हिशेब दीडपट धरावा आणि जमल्यास सकाळी भरावे. आपल्याकडे कोळशाची धूळ सर्वत्र असते. गाडीच्या सॉकेटचे झाकण नेहमी बंद ठेवावे, गन लावण्यापूर्वी तोंड पाहावे, कोरड्या फडक्यानेच पुसावे. घरच्या सॉकेटला चांगले अर्थिंग असल्याशिवाय गाडी लावूच नये.

नियम आणि संधी

चार्जिंग केंद्र ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. त्यामुळे केंद्र चालवण्यासाठी वीजवितरणाचा परवाना लागत नाही. त्याच वर्षी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने या केंद्रांसाठी वेगळा दरगट केला. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत केंद्रांना मिळणारी वीज स्वस्त ठेवायची आहे. म्हणून ॲपवर दुपारचा व रात्रीचा दर वेगळा आहे काय, ते पाहावे. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवले गेले.

आपल्या कारागिरांसाठी येथे काम आहे. अर्थिंग, वायरिंग, घरचे चार्जर बसवणे ही कामे वायरमन बांधवांनी शिकून घ्यावीत. महामार्गावर ढाबा किंवा जागा असलेल्यांनी केंद्राचा विचार करावा, पण आधी महावितरणकडून वाढीव जोडणीचा खर्च लेखी घ्यावा. यंत्रापेक्षा ट्रान्सफॉर्मरचा खर्च अनेकांना अडवतो.

शेवटी एक सूचना. गाडीत एक वही ठेवावी. प्रत्येक फेरीचे किलोमीटर, घरचे युनिट, बाहेरचे युनिट, दिलेले पैसे आणि थांबलेली मिनिटे लिहावीत. तीन महिन्यांनी ती वहीच सांगेल, की गाडी आपल्या धंद्याला परवडते की नाही.