विहिरीवरची चेनपुली

मोट होती तेव्हा शेतकरी रोज सकाळी नाडा पाहत असे. पीळ सुटला आहे का, नाडा कुठे झिजला आहे का, चाक करकरते का, हे बैल जुंपण्याआधी पाहायचे अशी रीतच होती. कोणी ते पुस्तकात वाचले नव्हते. भरली मोट वर येताना नाडा तुटला तर धावेवर बैल तोंडावर पडतात, हे साऱ्यांना ठाऊक होते.

मोट गेली, पंप आला. आता पाण्यातली मोटर बिघडली की ती वर काढावी लागते. त्यासाठी गावातून कोणाकडची तरी चेनपुली आणतात. नाड्याची जी काळजी होती ती मात्र चेनपुलीच्या वाट्याला येत नाही. लोखंड आहे, त्याला काय होते, असे आपण म्हणतो. म्हणून हा धडा.

चेनपुली दोन तऱ्हेची असते. एकीची साखळी हाताने ओढायची. दुसरीला दांडा असतो. दांडा मागेपुढे हलवला की आतले दातेरी चाक एकेक दात सरकते आणि टक् टक् आवाज येतो. एक खिटी दातात अडकते व चाकाला मागे फिरू देत नाही. आवाज थांबला तर आपणही थांबावे. ही दांड्याची पुली आडव्या ओढीलाही चालते. आपण तिच्याविषयीच बोलू.

ओझे नुसत्या खिटीवर टांगलेले नसते. आत ब्रेकच्या चकत्या असतात. ओझे खाली ओढू लागले की त्या ओढीनेच चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. जितके ओझे जास्त, तितकी पकड घट्ट. मोठी हुशारीची रचना आहे ही! पण चकत्यांना तेल लागले की पकड सुटते आणि ओझे घसरते. आपल्याकडे सवय अशी की, यंत्र कुरकुरले की तेलाची बाटली उपडी करायची. तसे करू नये. साखळीला तेलाचा हात फिरवावा, ब्रेकमध्ये तेल कधी सोडू नये.

दांड्यावर एक खटका असतो. त्याच्या तीन जागा: वर, मध्ये, खाली. मधल्या जागी साखळी हाताने मोकळी ओढता येते. म्हणून ओझे टांगलेले असताना खटका मध्ये आणू नये.

आता वजनाचा हिशेब. पुलीवर आकडा कोरलेला असतो. 750 किलो, दीड टन, तीन टन असा. आकडा पुसला गेला असेल तर ती पुली लावू नये. समजा, विहिरीत अडीच इंची लोखंडी नळ 20 मीटर सोडला आहे. हा नळ मीटरला सुमारे साडेसहा किलो भरतो, म्हणजे 130 किलो. नळात पाणी अडून राहिले असेल तर मीटरला सुमारे पावणेचार लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा ते झाले 75 किलो. मोटर व पंप 60 किलो धरू. एकूण 265 किलो. 750 किलोच्या पुलीला हे काही फार नाही.

मग पुली मोडते कशाने? बहुधा गाळाने. मोटर गाळात रुतली असेल तर आपण मोटर ओढत नसतो, जमीन ओढत असतो. त्या ओढीला हिशेब नाही. दांडा जड होतो. दांड्याची लांबी एका माणसाच्या जोरासाठी ठरवलेली असते. त्यात पाइप घालून तो दुप्पट लांब केला तर तोच माणूस साखळीवर दुप्पट ताण देतो, आणि त्याला ते कळतही नाही.

चिखलीकडच्या एका विहिरीवर आम्ही हे पाहिले. पोरगा म्हणाला, "मामा, पाइप लावू का दांड्याले? लय जड झाला."

मामा म्हणाले, "नको रे बापू. तो दांडा सांगून राह्यला का खाली काहीतरी अडकलं हाये."

त्यांनी विजेचा मेन स्विच आधीच बंद करून फ्यूज काढून ठेवले होते. साखळी ढिली केली. नळाला क्लँप आवळून तो गर्डरवर टेकवला. मग गाळ काढला. अर्धा दिवस गेला खरा, पण नंतर मोटर एका हाताने वर आली. कुरकुर करणारे तिथेही दोघेचौघे होतेच.

तिवई उभी करताना पायांखाली पाहावे. मेहकर, देऊळगाव राजा भागात खाली काळा दगड असला तरी काठावर बहुधा माती नाहीतर मुरूम असतो. पावसानंतर पाय घसरतात. पायांखाली फळ्या द्याव्या आणि तिन्ही पाय साखळीने एकमेकांना बांधावे, म्हणजे ते फाकत नाहीत. पुलीची साखळी ओझ्याला गुंडाळून तिच्यातच हूक अडकवू नये. त्यासाठी वेगळा वायररोप घ्यावा. त्याचे दोन पदर असतील तर ते फार पसरू देऊ नयेत. खालचे अंतर पदराच्या लांबीएवढे असेल तर 100 किलो ओझ्याला प्रत्येक पदरावर सुमारे 58 किलो ताण येतो. अगदी पसरट, 120 अंशांच्या कोनात बांधले तर प्रत्येक पदरावर पुरे 100 किलो येतात.

लावण्याआधी हूक पाहावा. तोंड फाकले आहे का? तोंडावरची स्प्रिंगची पट्टी मिटते का? साखळीची एकेक कडी बोटांनी चाचपावी. वाकलेली, चिरलेली, ताणून लांबलेली कडी दिसली तर पुली बाजूला ठेवावी. कडीला वेल्डिंग मारू नये, नटबोल्टाने जोडू नये. मग ओझे वीतभर उचलून थांबावे. खाली सरकते का पाहावे. सरकले तर लगेच टेकवावे. टांगलेल्या ओझ्याखाली माणूस नको, आणि पुलीवर बसून कोणी विहिरीत उतरू नये. चहाला जायचे तर ओझे क्लँपवर टेकवून जावे.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूला खारपाणपट्टा आहे. खाऱ्या पाण्याने साखळी लवकर गंजते. तिथे साखळी गोड्या पाण्याने धुवावी, पुसून वाळवावी, तेलाचा हात द्यावा. पुली खताच्या पोत्यांजवळ ठेवू नये. खतानेही लोखंड खाल्ले जाते. कोरड्या जागी टांगून ठेवावी. पुली चिखलात बुडाली असेल तर जाणत्या कारागिराकडून उघडून घ्यावी.

कारखान्यांतल्या अशा यंत्रांची निदान वर्षातून एकदा जाणत्या माणसाने कसून तपासणी करावी, असे 1948 च्या कारखाना कायद्याने ठरवले होते. आपल्या विहिरीवर तपासायला कोणी येत नाही. म्हणून पुलीच्या पेटीत एक वही ठेवावी. तारीख, कोणाच्या विहिरीवर नेली, परत आली तेव्हा हूक व साखळी कशी होती, एवढे लिहून नेणाऱ्याने सही करावी. पुली नवी असतानाच हुकाच्या तोंडाचे माप वहीच्या पहिल्या पानावर लिहावे, आणि दर वर्षी मोटर काढण्याच्या दिवसांआधी पुन्हा मोजून त्याच्याशी ताडून पाहावे.