उन्हाळ्यात विजेच्या तारा का लोंबतात?

वैशाखात भर दुपारी रस्त्याकडेच्या खांबांकडे पाहा. दोन खांबांमधली तार झोळीसारखी खाली आलेली दिसते. पौषातल्या सकाळी हीच तार वर, ताठ असते. आजी म्हणते, तार उन्हाने दमली. गुरुजी म्हणाले, दमली नाही, लांब झाली.

उष्णतेने धातू प्रसरण पावतो. अ‍ॅल्युमिनियमची 100 मीटर तार 30 अंशांनी तापली की सुमारे 7 सेंटिमीटर वाढते. एवढ्याशाने काय होणार, असे मलाही वाटले. म्हणून आम्ही प्रयोग केला. भिंतीवर 100 सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे मारले. त्यांना 101 सेंटिमीटर सुतळी बांधली. मधोमध बोट लावून ओढली, तर ती चक्क 7 सेंटिमीटर खाली आली! लांबी वाढली 1 आणि झोळ पडला 7. घरी करून पाहा.

तार नुसत्या उन्हाने तापत नाही, तिच्यातून वाहणारी वीजही तिला तापवते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. उन्हाळ्यात घरोघरी पंखे आणि विहिरींवर मोटारी एकदम चालतात. म्हणजे ऐन उन्हात तारेवर जास्त ओझे. त्यात तापलेल्या तारेचा रोधही दर 10 अंशांना सुमारे 4 टक्के वाढतो, मग ती आणखी तापते.

यावर उपाय म्हणून मोठ्या तारांच्या पोटात पोलादाच्या तारा घालतात व भोवती अ‍ॅल्युमिनियमच्या तारा पिळतात. पोलाद कमी प्रसरण पावते आणि ताण सोसते. रस्ता ओलांडणारी 11 हजार व्होल्टची तार पूर्ण झोळ पडल्यावरही जमिनीपासून किमान 6.1 मीटर हवी, असा नियम आहे. घरातल्या केबलचे साधे प्लॅस्टिकचे वेष्टन 70 अंशांपर्यंतच टिकते.

आपल्या मुळशी धरणाचे पाणी बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याला जाते. तेथे 1927 पासून वीज होते व ती मुंबईकडे जाते. (या धरणात आपली गावे बुडाली. त्यासाठी 1921 साली सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. ती हकिकत मोठी आहे, आजोबांना विचारा.) त्याच भिऱ्याला 28 मार्च 2017 रोजी 46.5 अंश तापमान नोंदले गेले आणि गावाचे नाव वर्तमानपत्रांत झळकले. तापमान सावलीत मोजतात. उन्हातली तार त्याहून किती तापत असेल!

अमेरिकेत 14 ऑगस्ट 2003 रोजी मोठ्या वाहिन्यांच्या तारा लोंबून झाडांना टेकल्या आणि बंद पडल्या. त्यांचे ओझे दुसऱ्या तारांवर गेले, त्याही बंद पडल्या. शेवटी सुमारे 5 कोटी लोक अंधारात बसले. सुरुवात झाली ती न छाटलेल्या फांद्यांपासून.

आमच्या खळ्यात मार्गशीर्षात पेंढ्याची गंजी रचली, तेव्हा तार खूप वर होती. चैत्रात ती खाली आलेली दिसली. वाऱ्याने दोन तारा एकमेकींना लागून ठिणगी पडली असती तर? किती खाली आली ते मी बांबूने मोजायला निघालो. बाबा एवढे ओरडले की बांबू हातातून पडला. बांबूतूनही, विशेषतः ओल्या बांबूतून, वीज येते. मग बाबांनी वायरमनकाकांना बोलावून आणले. त्यांनी वीज बंद करून तार ओढून घेतली. यंदा गंजी गोठ्यामागे रचली आहे.

— इयत्ता सातवी